पातळ कोकण : बोलण्यातल्या प्रदेशांच्या नकाशाच्या नोंदी

५ जुलै २०२५, नौपाडा, ठाणे

काम आजपासून सुरू झालं असं धरते. एका वाचनालयाला भिंतीवर लावायला आणि मोबाइलवर बघायला महाराष्ट्राचा नकाशा हवाय, पण जिल्ह्यांचा नको. कोकण, खान्देश, मराठवाडा, विदर्भ, वऱ्हाड, माणदेश असे जे भाग रोज आपल्या तोंडी असतात पण सातबाऱ्यावर कधी येत नाहीत, त्यांचा हवा. अटी दोन. ज्याला दिसत नाही किंवा रंग कळत नाहीत त्यालाही तो वाचता यायला हवा. आणि ‘आमचं गाव भलतीकडेच टाकलंय’ असं म्हणायची पाळी कुणावर येऊ नये. दुसरी अट पुरी होणार नाही हे मला आत्ताच ठाऊक आहे. आगाऊ रक्कम घेतलीय, त्यामुळे बोलले नाही.

सोपा रस्ता समोरच आहे. सरकारचे सहा महसुली विभाग घ्यायचे, रंगवायचे आणि मोकळं व्हायचं. पण त्यात नाशिक विभागात नंदुरबारही येतं आणि अहिल्यानगरही. नगरच्या माणसाला ‘काय, खान्देशी का?’ असं विचारून बघावं एकदा. तेव्हा तो रस्ता बंद. ३५८ तालुके सुटे घ्यायचे आणि एकेकाला विचारत जायचं.

९ जुलै

पहिला कच्चा नकाशा क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उभा केला. रंग सुचतील तसे भरले: कोकणाला झाडांचा गडद हिरवा, विदर्भाला संत्र्याचा नारिंगी, मराठवाड्याला मातकट लाल. संध्याकाळी मामेभाऊ चहाला आला होता. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत त्याला ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा दिसला नव्हता, तेव्हापासून घरात सगळे त्याला ‘सिग्नल’ म्हणतात. त्याच्यापुढे लॅपटॉप ठेवला. तो म्हणाला, “ताई, कोकण आणि मराठवाडा एकच केलेस काय?”

लाल-हिरव्यात गोंधळ होणं हे बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त, कारण तो दोष एक्स गुणसूत्रावरून येतो आणि पुरुषाकडे ते एकच असतं. म्हणजे वाचनालयात पेपर चाळत बसणाऱ्या आजोबांच्या बाकावर असा एखादा सापडायचाच. ओकाबे आणि इतो या जपानी शास्त्रज्ञांनी खास अशा डोळ्यांसाठी जमवलेले आठ रंग आहेत, ते आधी घेतले.

तरी रंगांची दुसरी भानगड राहतेच. आपल्याकडे भगवा, हिरवा, निळा यांतला एकही रंग निव्वळ रंग नाही. मराठवाड्याला हिरवा दिला की एक भुवई वर जाते, भगवा दिला की दुसरी. शेवटी मातीचे, राखेचे आणि जांभळीकडे झुकणारे रंग निवडले. कुठल्याच झेंड्यावर नाहीत असे.

१२ जुलै

स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे नकाशाची साधी काळी-पांढरी प्रत काढली. माझ्या मते नकाशाची यापेक्षा कडक परीक्षा नाही. शाळेत, ग्रामपंचायतीत, क्लासच्या नोट्समध्ये नकाशा शेवटी झेरॉक्स होऊनच पोचतो. पाचही भाग एकाच राखाडी लगद्यात बुडाले होते.

घरी येऊन हिशोब केला. दृष्टिसुलभतेच्या नियमांप्रमाणे लहान अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान ४.५ : १ असा उठाव, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, लागतो आणि आकृतीच्या शेजारशेजारच्या भागांत ३ : १. शुद्ध पांढरा आणि शुद्ध काळा यांच्यातला सगळा उठाव धरला तर तो २१ : १. पांढऱ्यापासून दर पायरीला तिप्पट करत निघालं तर एक, तीन, नऊ, आणि पुढची पायरी सत्तावीसची, जी मुळात नाहीच. म्हणजे एकमेकींपासून धड वेगळ्या दिसतील अशा छटा तीनच.

भाग पाच आणि छटा तीन! तास-दीड तास कागदावर रेघोट्या मारल्या आणि मग लक्षात आलं की तीन पुरतात. खान्देशाकडचा उत्तर पट्टा, मराठवाडा आणि पुणे-सातारा-कोल्हापूरचा भाग हे तिघे एकमेकांना भिडतात, त्यांना तीन वेगळ्या छटा. कोकण मराठवाड्याला कुठेच टेकत नाही, म्हणून त्या दोघांची छटा एक. विदर्भ सातारा-कोल्हापूरला टेकत नाही, त्यांची एक. एवढ्यावर झेरॉक्समध्ये सीमा दिसतात. वर रेघा-ठिपक्यांची नक्षी घातली की एका छटेचे दोन भागही वेगळे ओळखू येतात. फार दिवसांनी मनापासून आनंद झाला, आणि तो सांगायला घरात कुणी नव्हतं.

१९ जुलै, तुर्भे

सकाळी बाजार समितीत गेले. कांदा-बटाट्याच्या गाळ्यांपुढे अर्धा महाराष्ट्र एका जागी भेटतो. ट्रक जुन्नरहून, नाशिककडून, नगरहून आलेले आणि पाठीवर गोणी घेणारे माथाडी बरेचसे साताऱ्याकडचे.

पहिला धडा प्रश्नाचाच. ‘तुमचं गाव कुठल्या प्रदेशात येतं?’ असं विचारलं की माणूस शाळेत उभं केल्यासारखा दचकतो आणि पुस्तकातलं उत्तर देतो: “पश्चिम महाराष्ट्र.” त्याच माणसाला “मामा, गाव कुठलं?” असं विचारलं की “पाटण साइडला” येतं, आणि “पाटण म्हणजे कसल्या भागात?” म्हटलं की मग खरी नावं बाहेर पडतात: कोयना खोरं, डोंगरी भाग, घाटमाथा. माण तालुक्यातल्या एकाने छाती पुढे काढून ‘माणदेश’ सांगितलं. शेजारचा जतचा होता. मी माझ्या यादीप्रमाणे विचारलं, “म्हणजे तुम्हीपण माणदेशातले?” तो म्हणाला, “जत म्हंजे जत.” यादीत जतपुढे प्रश्नचिन्ह केलं.

दुसरी गोष्ट अशी की बरीच नावं परक्यांनी ठेवलेली असतात. ‘देश’ हे नाव देशावरचा माणूस स्वतः फारसं घेत नाही. ते कोकणातून वर बघणाऱ्याचं नाव आहे. त्याचंच बोचरं रूप म्हणजे ‘घाटी’. ते इथे हमालाला ऐकवलं जातं, आणि ते नकाशात कुठेही, अगदी तळटीपेतसुद्धा येणार नाही. ‘पश्चिम महाराष्ट्र’ तर आणखी गमतीचं. नकाशावर सर्वांत पश्चिमेला कोकण आहे, तरी पश्चिम महाराष्ट्र म्हणजे घाटाच्या पूर्वेकडचा! आणि पूर्व महाराष्ट्र असं तर कुणी म्हणतच नाही.

नियम ठरवला: राहणारे जे नाव स्वतःहून घेतात ते मोठ्या अक्षरांत, बाहेरच्यांनी दिलेलं लहान अक्षरांत, आणि जे शिवीसारखं वापरलं जातं ते नाहीच.

२६ जुलै

छोटं काम. मोबाइलवरचे नकाशे ज्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट करायच्या ज्या पद्धतीत, असतात त्यात उत्तरेकडचा मुलूख फुगतो. आपल्या राज्यापुरतं बघितलं तर सिंधुदुर्गाच्या मानाने नंदुरबार सुमारे सात टक्के मोठं दिसतं. आभाळ कोसळत नाही, पण भिंतीवरच्या नकाशात ते ठेवायचं कारणही नाही. सम-क्षेत्रफळाचं प्रक्षेपण घेतलं.

२ ऑगस्ट, खारघर

बोटांनी वाचायच्या नकाशाला सुरुवात. मैत्रीण जन्मापासून बघू शकत नाही. मूळची अंबाजोगाईची, सासर बार्शीचं, नोकरी वाशीला. तिच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर जाड पुठ्ठा पसरला आणि राज्याची कड सुतळीने फेव्हिकॉल लावून काढली. भागांच्या आत काय भरायचं यावर बरीच चर्चा झाली. शेवटी मराठवाड्याला बारीक रवा, विदर्भाला मुगाची डाळ, कोकणाला साबुदाणा. “म्हणजे उपास फक्त कोकणालाच?” ती म्हणाली.

बोटाला दोन पोत वेगळे कळायला मध्ये मोकळी फट लागते, हे तिने शिकवलं. डोळ्याला रेघ पुरते. बोटाला रेघेच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा हवी, नाहीतर सुतळी आणि डाळ एकच लागतं. म्हणून सीमेच्या दोन्ही अंगांना पेन्सिलीच्या जाडीएवढी जागा सोडली.

४ ऑगस्ट

तिचा सकाळी फोन. मुंग्यांनी मराठवाडा नेला.

१० ऑगस्ट, खारघर

खाण्याच्या वस्तू बाद. आता मराठवाड्याला पॉलिश पेपर, खान्देशाला मच्छरदाणीची जाळी, विदर्भाला आडव्या सुतळ्या, कोकणाला टिकल्या. मखमली टिकल्यांची पाकिटं तिच्या सासूबाईंनी काढून दिली. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर मी गुळगुळीत पुठ्ठाच ठेवला होता. चार पोत झाले होते, पाचवा सुचला नाही आणि वेळही झाला होता.

ती बोट फिरवत होती. वरून जाळी, उजवीकडे सुतळ्या, मधे पॉलिश पेपर, डावीकडे टिकल्या. मग बोट मधल्या गुळगुळीत जागेवर थांबलं. पुन्हा फिरवलं.

“इथं काहीच नाही?”

“ते पश्चिम महाराष्ट्र. तिथे साधाच ठेवलाय.”

“साधा म्हंजे? तेवढाच मूळ महाराष्ट्र आणि आम्ही सगळे वरून चिकटवलेले काय गं?”

मी हसले, पण गाडीत बसून खारघरहून ठाण्याला येईपर्यंत तेच डोक्यात होतं. घरी येऊन संगणकावरची फाइल उघडली. तिथेही तसंच! सगळ्यात खालच्या थरावर मी जो रंग ठेवला होता, ‘काही ठरलं नसेल तर हा’ म्हणून, तोच पुणे-साताऱ्याचा. म्हणजे ज्या तालुक्याबद्दल मला काही कळलं नाही तो आपोआप पश्चिम महाराष्ट्रात जाऊन पडत होता. यादी चाळली. बार्शी तिथे. पारनेर तिथे. आणि ठाणे, कल्याण, अंबरनाथसुद्धा तिथे, घाटाच्या पलीकडे! माझं आजोळ जुन्नर. कुणाला ‘नेहमीचं’ धरायचं हे मी ठरवलंच नव्हतं. हात आपसूक तिकडे गेला.

तळाचा थर आता पूर्ण रिकामा, पांढरा. ज्याचं ठरलं नाही ते पांढरंच दिसेल आणि तिथे ‘विचारायचं राहिलंय’ असं लिहिलेलं असेल. पुणे-साताऱ्याच्या पट्ट्यावर मी जुन्या कॉटनच्या साडीचा तुकडा चिकटवला.

१६ ऑगस्ट

अक्षरांवर दिवस गेला. इंग्रजी नकाशात पर्वतरांगेचं नाव अक्षरं लांब लांब ताणून वाकवून लिहितात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि काना-वेलांट्या पोरक्या होतात. ‘विदर्भ’मधला रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला होता. नावं सरळ, जुळवलेली आणि मोठी ठेवली. ताणणं बंद.

दुसरं लफडं ‘वऱ्हाड’चं. मैत्रिणीने मोबाइलवर शोधलं तर सापडेना, आणि माझ्या पडद्यावर तर ते समोर होतं. ते अर्धं ‘र’ दोन तऱ्हांनी टंकता येतं: एकात ‘ऱ’ला हलन्त, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे. यंत्राला ते दोन वेगळे शब्द. तिच्या कळफलकाने एक दिलं, माझ्या फाइलीत दुसरं होतं. ज्याला दिसतं त्याला ही अडचण आहे हेसुद्धा कळणार नाही. आता शोधात दोन्ही रूपं चालतात. त्याच दमात खानदेश आणि खान्देश.

पडदावाचकाला, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला, सुरुवातीला ३५८ तालुक्यांची यादी दिली होती. तिने अक्कलकुव्यालाच बंद केलं. आता आधी भाग, त्यात जिल्हे, त्यात तालुके. आणि वरच एक चौकट, जिथे आपला तालुका टाकला की थेट उत्तर.

१९ ऑगस्ट

धो धो पाऊस. बाहेर पाऊल टाकलं नाही. जुन्या सीमा वाचत बसले.

लोकांच्या बोलण्यातली मराठवाड्याची कड अजूनही बरीचशी निजामाच्या राज्याची कड आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपलं, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. तरी माणसं तीच रेघ धरून बोलतात. बार्शी त्या रेघेच्या अलीकडे. तालुका इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात, आणि लागूनच निजामाचा मुलूख. राजुऱ्याचं उलट. आज तो चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात, पण होता हैदराबाद संस्थानात, आणि १९५९ मध्ये नांदेडकडून चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जोडला गेला.

ही नावं नुसती गप्पांची नाहीत, हेही इथे लिहून ठेवते. राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमात विकास मंडळांसाठी तीन भाग धरलेत: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष, म्हणजे विकासात राहिलेली तूट, मोजला तो जिल्हावार, पण वाद पुढे चालला तो याच नावांनी. पैसा ज्या नावाने मागितला जातो त्या नावाची कड कुठे पडते याला किंमत असते. आणि ‘उर्वरित’ या शब्दात रत्नागिरी, धुळे, कोल्हापूर सगळे एका पातेल्यात. वाढून झाल्यावर उरलं ते.

२४ ऑगस्ट, खोपट

गणपती तीन दिवसांवर. एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा नाही. जादा गाड्या, डोक्यावर मखराचे खोके, पिशव्यांत अगरबत्त्या आणि फटाके. रांगेतल्या सगळ्यांना एकच प्रश्न: “कुठे निघालात?” उत्तर एकच: “कोकणात.”

आता गंमत बघा. ठाणे जिल्हा सरकारच्या कोकण विभागात. त्या विभागाचं मुख्यालय कोकण भवन आणि कोकण रेल्वेचं मुख्य कार्यालय, दोन्ही इथे जवळच बेलापूरला. त्याच्याही मागे जा, उत्तर कोकणच्या शिलाहार राजांची राजधानी श्रीस्थानक, म्हणजे हेच ठाणे. आणि त्या ठाण्यातला माणूस रात्रभर उभ्याने प्रवास करून कोकणात जातो!

मग दुसरा प्रश्न घातला: “कोकण कुठनं सुरू होतं?” इथे एकमत संपलं. पेण गेलं की. वडखळ सोडलं की. महाड. “कशेडी घाट उतरल्याशिवाय कसलं कोकण?” असं म्हणणारे आजोबा खेडचे होते. सावंतवाडीच्या बाईंच्या लेखी ते खेडही धड कोकण नव्हतं. “आमचं तळकोकण,” त्या म्हणाल्या, म्हणजे अस्सल तेवढंच.

परतताना चेंदणी कोळीवाड्यात एका मावशींना विचारलं. त्या बोंबील निवडत होत्या. “आम्ही कुठं जाणार? आम्ही ठाण्याचे कोळी. कोकण तिकडं, रत्नागिरीला.” म्हणजे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारेही ते नाव घेत नाहीत.

३१ ऑगस्ट

ठाण्याचं काय करायचं यावर तीन दिवस डोकं फोडलं. पांढरं ठेवलं तर ‘विचारायचं राहिलंय’ होतं, आणि ते खोटं, कारण विचारलंय. कोकणाचा पूर्ण रंग दिला तर विभागीय कार्यालय खूश आणि स्टँडवरचा एकही माणूस नकाशावर विश्वास ठेवणार नाही. ‘मुंबई’ म्हणावं तर ठाणेकर मारतील, त्यात मीही.

ठरलं ते असं. रेघ काढायचीच नाही. कोकणाचे ठिपके सिंधुदुर्गापासून रत्नागिरीपर्यंत दाट, महाडपासून विरळ होत जायचे, पनवेलच्या वर अगदी तुरळक. ठाणे, पालघर, मुंबईत तुरळक ठिपके राहतील आणि मजकुरात दोन्ही बाजू येतील: कागदावर काय, बोलण्यात काय. हीच पद्धत बार्शीला, राजुऱ्याला, मालेगाव-बागलाणला. तिकडे जिल्हा नाशिक आणि बोली अहिराणी, म्हणून खान्देशाची जाळी खाली सटाण्यापर्यंत उतरते. जिथे दोन नावं येतात तिथे दोन्ही लिहायची, तिथे राहणाऱ्यांचं आधी.

छपाईवाल्याने विचारलं, “मॅडम, हे ठिपके वर विटलेत, शाई कमी पडली का?” नाही म्हटलं.

१४ सप्टेंबर, खारघर

शेवटची चाचणी. पुठ्ठ्यावर टिकल्या नव्याने लावल्या. खाली इतक्या दाट की बोट घसरत नाही, वर येता येता बोटभर अंतराने एक. ब्रेलमधली नावं मैत्रिणीनेच पाटी-टोचणीने टोचली.

बार्शीवर ती बराच वेळ थांबली. तिथे साडीच्या तुकड्यावर पॉलिश पेपरची एक कातर चिकटवली आहे. नखाने कड तपासली. “हां. माहेर लागतंय थोडं,” एवढंच म्हणाली. सासूबाई चहा गाळत होत्या, त्यांना ते ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

मग डाव्या कडेने वर. सावंतवाडी, राजापूर, चिपळूण. महाडला वेग वाढला. पनवेलच्या पुढे बोट चाचपडायला लागलं, एक टिकली सापडली, मग बरंच काही नाही, मग आणखी एक.

“हे तुझं ठाणं?”

“हो.”

“कोकण पातळ झालंय इथं. पाणी घातल्यावानी.”

मजकुरात ‘तुरळक’ होतं, तिथे ‘पातळ’ केलं. दोन दुरुस्त्या बाकी आहेत: अकोल्याची सुतळी सुटलीय, आणि नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याला पडदावाचक ‘अकोला’ म्हणून विदर्भात पाठवतोय. फाइल उद्या छपाईला. जतपुढचं प्रश्नचिन्ह तसंच आहे.